पुढं काय, मागं काय

दहापैकी चार हा मी येईपर्यंत त्याने उभ्या आयुष्यात दिलेला सगळ्यात मोठा आकडा. तोही केळव्याच्या समुद्राला, आणि तोही सोमवारचा, मुंबईचे पाहुणे परत गेल्यावर. शनिवार-रविवारच्या समुद्राला दीड. आमच्या कँटीनच्या आमटीला एक. कारखान्याच्या वर्धापनदिनाला भाषण ठोकायला आलेल्या पुढाऱ्याला अर्धा, तो आवाजाचा. मी कराडकडून नवाच तारापूरच्या त्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात लागलो, तेव्हा मला पहिल्याच दिवशी दोन मिळाले. शर्टाला इस्तरी होती म्हणून दोन, नाहीतर एकच देणार होतो, असं त्याने शेजारच्याला सांगितलं, मला नीट ऐकू येईल एवढ्या आवाजात.

मी त्याला तोंडावर अहो-जाहो करायचो आणि पाठीमागे अरे-तुरे. इथे पाठीमागचंच ठेवतो. तेच जास्त खरं होतं.

तो क्रेन ऑपरेटर. आमचा कारखाना लोखंडी तारेचा. तारेची भलीमोठी वेटोळी आम्लाच्या टाक्यांत बुडवायची, धुवायची आणि पुढे पाठवायची. ही ने-आण करणारी क्रेन छपराखालच्या रुळांवरून फिरायची आणि तिच्या पोटाला लटकलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये हा बसलेला असायचा. सकाळी शिडी चढून वर गेला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरत नसे. वरून सगळ्या जगाला मार्क द्यायला सोयीचं. उंटावरचा शहाणा मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी पाहिला तारापूरला. उत्तरेकडून आलेले कामगार त्याला उस्ताद म्हणत. हळूहळू मॅनेजरसकट सगळेच म्हणायला लागले. मी कधी म्हटलं नाही.

राहायला केळव्याशेजारच्या माहीमला. "मुंबईचं का?" असं कुणी विचारलं की त्याचा अर्धा मार्क जागच्या जागी कापला जाई. नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरातून हा सायकलने पालघरला येई आणि तिथून कंपनीच्या बसने कामावर. पन्नाशीला टेकलेला, ठेंगणा, केस तेल लावून असे चापलेले की वादळात एक हलू नये. डोळे मात्र मोठे आणि पाणीदार. डोळ्यांचा त्याला भारी गर्व. चष्मा लावणाऱ्या माणसाला तो दोनच्या पुढे सरकूच देत नसे. मला चष्मा होता.

त्याची थेरं तीन. पहिलं थेर दिव्याचं. हुकाच्या बरोबर वर, क्रेनच्या पोटाखाली, एक मोठा दिवा त्याने भांडून लावून घेतला होता. छपरातल्या काचपत्र्यांतून भर दुपारचं ऊन येत असलं तरी तो लागलाच पाहिजे. एकदा तो उडाला आणि इलेक्ट्रिशियन रजेवर. मॅनेजर खालून ओरडतोय, वेटोळी तुंबलीत आणि हा वर हाताची घडी घालून बसलेला. "दिवा नाय तर हुक नाय," एवढंच बोलला. दोन तासांनी पालघरहून दिवा आला, तेव्हा हुक हलला.

दुसरं थेर साखळीचं. हुकाला त्याने एक लांब साखळी बांधून घेतली होती, उचललेल्या वेटोळ्याच्याही हातभर खाली लोंबणारी. माल टेकायच्या आधी ती जमिनीवर खुळखुळे. उपयोग शून्य, असं आमचं मत. दर दोन महिन्यांनी आम्ल ती खाऊन टाकी आणि दर दोन महिन्यांनी हा नवी मागे. म्हशीच्या गळ्यात घंटा आणि याच्या हुकाला साखळी, असं स्टोअरवाला म्हणायचा.

तिसरं थेर मानेचं. माल खाली सोडताना तो मान कबुतरासारखी डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे हलवायचा. कँटीनमध्ये आम्ही त्याची नक्कल करायचो. सगळ्यांत चांगली मला जमायची.

"येवडी वर्सं झाली, माज्या हुकानं कुणाच्या टाळूला वारा लागू दिला नाय," हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. बढाईखोर माणसाची एखादी तरी बढाई खोटी निघावी म्हणून मी सेफ्टीची वही चाळली. खरोखरच काही नव्हतं. मला त्याचा आणखी राग आला. क्रेन हीच त्याची जहागीर होती. शिडी उतरून खाली आला की तो सायकलवरचा एक ठेंगणा माणूस होता, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

नव्या माणसाला तो एकदा तरी माहीमला जेवायला बोलवी. माझीही पाळी आली. मला वाटलं, दोनाचे तीन होणार. घरी गेलो तर चटईवर बसवलं आणि हातात एक काळी डबी दिली. मस्कतला गेलेल्या भाच्याने पाठवलेली. तिच्यात पुठ्ठ्याची चकती घालायची, डबी डोळ्यांना लावायची, खटका दाबायचा. आत हत्ती, धबधबे, बर्फाचे डोंगर. आता अशा डब्या मुलांच्या खेळण्यांत पडलेल्या असतात, पण तेव्हा मी चाटच पडलो. हत्ती नुसता चित्रातला नव्हता, तो डबीत उभा होता.

"काय दिसतं?" तो.

"हत्ती."

"हत्ती काय, आंधळ्यालाबी सांगता येतो. पुढं काय हाय नि मागं काय हाय, ते सांग."

"पुढे सोंड. अगदी नाकाशी येतेय. मग हत्ती. त्याच्या मागे माहूत उभा आहे आणि त्याच्याही मागे झाड."

"किती मागं?"

"दहा-बारा पावलं असेल."

"माहुताच्या, का हत्तीच्या?"

अशा एकवीस चित्रांचा जबाब त्याने घेतला. पोटात कावळे ओरडत होते. स्वयंपाकघरातून तळलेल्या बोंबलांचा वास येत होता. त्याच्या बायकोने दारातून डोकावून सांगितलं, "सगळी सांगून टाका, भाऊ. त्याबिगर पान वाडायला देत नाय कुणाला." शेवटी त्याने माझ्या हातातून डबी घेतली, स्वतःच्या डोळ्यांना लावली, चकती पुरी एकदा फिरवली आणि निकाल दिला, "दोन. कागद हाय नुसता." बोंबील मात्र उत्तम होते. त्यांना त्याने अडीच दिले, बायकोसमोर.

दुसऱ्याच दिवशी कँटीनमध्ये हा चार कामगार गोळा करून हातवारे करत होता. सोंड कशी नाकाशी येते, माहूत कुठे, झाड कसं माहुताच्या मागे दहा-बारा पावलांवर. शब्द माझे, पावलंही माझीच. मी आदल्या दिवशी उपाशीपोटी सांगितलेलं हा आज भरल्या पोटी स्वतःच्या नावावर खपवत होता. फुकटे मी पुष्कळ पाहिले होते, पण दुसऱ्याचं बघणं उचलणारा पहिलाच.

मग तो डोळ्यांवर चष्मा लावून बघायचा सिनेमा बोईसरला आला. पडद्यावरच्या वस्तू अंगावर येतात म्हणून बोंबाबोंब झालेली. आम्ही कारखान्यातले दहा-बाराजण गेलो. दारात प्रत्येकाच्या हातात एक काळपट चष्मा ठेवला. माझा मी माझ्या चष्म्यावर चढवला. मध्येच पडद्यातून एक भाला सुटला आणि थेट कपाळाकडे आला. सगळं थिएटर खाली वाकलं. पुन्हा माना वर काढल्या, हसलो, आणि तेव्हा माझ्या शेजारी बसलेला हा वाकला. सगळे वर आणि हा एकटाच खाली. भाला केव्हाच भिंतीत रुतला होता. मला हसू आवरेना. मध्यंतरात मला बाजूला घेऊन म्हणतो, "भाला कुठवर आला, तुजं काय म्हननं?" मी भाबडेपणाने सगळं रंगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याचं कीर्तन तयार. सिनेमाला दीड मार्क. कापण्याचं कारण, चष्म्याची दांडी कानाला टोचते.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकदा मी नव्या टाकीच्या जागेचं ड्रॉइंग केलं. आठ दिवस खपलो होतो. मॅनेजर ते घेऊन शेडमध्ये गेला, मलाही नेलं. हा शिडी उतरून आला, कागद दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "दीड. खांबाच्या मागं टाकी घेतलीस. तितं माजा दिवा पोचनार कसा?" मॅनेजर हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि टाकी चार फूट सरकवायला सांगितली. चार फूट म्हणजे पुन्हा आठ दिवस. एका दिव्याच्या लहरीपायी. ते दीड मार्क मी विसरलो नाही.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. नवी क्रेन घ्यायचं घाटत होतं, म्हणून मॅनेजर आम्हा दोघांना कंपनीच्या जीपने मुंबईला यंत्रांच्या प्रदर्शनात घेऊन गेला. क्रेनचे स्टॉल बघून झाले, सगळ्या क्रेनना मिळून अडीच मार्क पडले. पुढच्या मांडवात ही झुंबड. डोक्यावर टोप घालायचा आणि नसलेल्या जागेत हिंडायचं, असा नवा चमत्कार परदेशातून आला होता. तीन स्टॉल होते. मॅनेजर म्हणाला, "जा, बघून घ्या. पुन्हा कुठे बघायला मिळणार?"

पहिला टोप असा जड की मान खांद्यात जावी. मागे दोरखंडाएवढी वायर. आत लाल-निळ्या भिंतींची एक खोली. मी मान वळवली की खोली जरा विचार करून मागाहून वळायची, कामचुकार शिपायासारखी. दोन मिनिटांत मळमळायला लागलं. याने टोप घातला, काढला, केस चापले. "दोन नारळांचं वजन नि करवंटीएवडं दर्शन. एक." दुसऱ्या ठिकाणी टोप नव्हता, स्टँडवर एक काळं खोकं. त्याला तोंड लावून वाकून बघायचं. चित्र पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ, पण खोक्याच्या कडेला आधीच्या शंभर कपाळांचा घाम. याचा निकाल, "हिरीत डोकवावं तसं. खाली पानी नाय. दोन." आणि दोन्ही ठिकाणी बाहेर आल्याबरोबर मला तोच प्रश्न, "तुला पुढं काय दिसलं, मागं काय?" मी या खेपेला शहाणा झालो होतो. म्हटलं, "तुम्हाला दिसलं तेच."

तिसरा स्टॉल क्रेनच्या एका कंपनीचाच. टोप घातला की समोर एक मोकळं मैदान, हुकाला टांगलेलं खोकं आणि खाली ट्रक. हातात दांडी. खोकं ट्रकमध्ये ठेवायचं. अशी पाच खोकी. टोपातल्या माणसाला काय दिसतंय ते शेजारच्या टीव्हीवर सगळ्यांना दिसे. मी आधी गेलो आणि जन्मात क्रेनला हात न लावता पाचातली तीन ठेवली. मॅनेजर म्हणाला, "चला उस्ताद, हा तर तुमचा घरचा खेळ."

उस्तादांनी टोप घातला. दांडी धरली ती मात्र ऐटीत. मान डावीकडे-उजवीकडे सुरू झाली, तसं टीव्हीवरचं मैदान झोकांड्या खायला लागलं. पहिलं खोकं ट्रकच्या अलीकडे पडलं. दुसरं पलीकडे. तिसरं त्याने अधांतरीच सोडलं. चौथ्याला त्याने पुष्कळ वेळ घेतला, घाम टोपाखालून गालावर आला, आणि ते ड्रायव्हरच्या टपावर आदळलं. पाचवं कुठे गेलं ते टीव्हीवरसुद्धा दिसलं नाही. गर्दी हसत होती. स्टॉलवरच्या मुलीने टोप काढून घेतला आणि म्हणाली, "कोई बात नहीं अंकल, पहली बार सबका गिरता है."

त्याचे केस विस्कटले होते. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा विस्कटलेले पाहिले. "शून्य," तो म्हणाला. शून्य त्याने तोपर्यंत कुणाला दिलं नव्हतं, आमटीलासुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मला अतिशय आनंद झाला. ड्रॉइंगवरचे दीड मार्क तिथे व्याजासकट वसूल झाले.

परतताना मनोरवरून पालघरच्या रस्त्याला लागलो आणि मासवणला चहाला थांबलो. चहाचा ग्लास हातात घेऊन तो एकदम म्हणाला, "त्या डब्यात सावली कुठं व्हती?"

"कसली सावली?" मी विचारलं.

"खोक्याची. वरनं माल उतरताना खाली सावली पडते. माल नि सावली येकमेकाला लागली का माल टेकला. तितं सावली नाय, साकळीचा आवाज नाय. मंग मानसानं उतरवावं कशाच्या भरवशावर?"

"डोळ्यांच्या," मी म्हटलं. "देवाने दोन दिलेत ते त्यासाठीच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चहाकडे. चहाला मार्क दिले नाहीत. मॅनेजर टपरीवाल्याशी बोलत होता, त्याला काही ऐकू गेलं नाही.

पालघर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकेक वस्तू जागेवर बसत गेली. दिवा सावलीसाठी. साखळी कानांसाठी. मान हलवायची म्हणजे एकाच डोळ्याने दोन बाजूंनी बघायचं. भाल्याला तो वाकला तो आम्हाला वाकताना पाहून. आणि डबी डोळ्यांना लावून आमच्याकडून जबाब घ्यायचा, कारण त्याला तिथे खरोखरच कागद दिसत होता. सगळं कळलं. दया आली असं लिहायला आवडलं असतं. मला फक्त कोडं सुटल्याचा माज आला.

पुढच्याच आठवड्यात कँटीनमध्ये मॅनेजर आमच्या टेबलावर बसला आणि म्हणाला, "प्रदर्शनात उस्तादांची फजिती कशी झाली, सांगा जरा यांना." हा स्वतः चहाच्या सुट्टीतही वर क्रेनवरच होता. मी उठून उभा राहिलो आणि सगळा खेळ करून दाखवला. टोप म्हणून डोक्यावर पातेलं घेतलं. पाच खोकी, कबुतराची मान, उशिरा वाकणं, सगळं. लोक पोट धरून हसत होते. टाळी हवी म्हणून शेवटी म्हणालो, "साहेब, याला पुढचं-मागचं दिसतच नाही. सगळा एका डोळ्याचा कारभार आहे, आणि बसवलाय आम्लाच्या टाक्यांवर."

टाळी मिळाली. मॅनेजरही हसत होता, आणि मधेच त्याचं हसणं थांबलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या खुर्चीत मी असतो तर माझंही थांबलं असतं.

याची कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी झाली. भरतीच्या वेळीही झाली होती, पण तेव्हा हा मुद्दाम रांगेत शेवटी उभा राहिला होता. पुढचे वीसजण अक्षरांचा तक्ता मोठ्याने वाचत होते, तो ऐकून ऐकून याचा पाठ झाला. म्हणजे नोकरीसुद्धा दुसऱ्यांच्या बघण्यावर लागली होती. या खेपेला रांग नव्हती, आणि तक्ता बदललेला होता. उजवा डोळा झाकल्यावर त्याला एक अक्षर वाचता आलं नाही. मग त्याने डॉक्टरला सांगून टाकलं की लहानपणी वाडीत सुपारीचा घड सुटून कपाळावर बसला होता. डोळा दिसायला शाबूत राहिला, नजर तेव्हाच गेली. हे बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याला खाली उतरवलं. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं काम दिलं. पगार तोच ठेवला, मॅनेजर त्यासाठी वरपर्यंत भांडला. क्रेनवर दोन धडधाकट डोळ्यांचा, सर्टिफिकेटवाला माणूस आला. त्याने पहिल्या दिवशी तो दिवा काढून टाकला आणि साखळी भंगारात फेकली. पंधरा दिवसांनी दिवा परत मागितला. महिन्याभराने साखळी. हे मला स्टोअरवाल्याने सांगितलं तेव्हा मी कामात असल्याचं दाखवलं.

गेटवर तो कुणाला मार्क देत नसे. ट्रकवाले मुद्दाम विचारत, "उस्ताद, आज हमको कितना?" तो नंबर लिही आणि हाताने जा म्हणून खुणावी.

एके दुपारी तो ड्रॉइंग विभागात आला. पूर्वी कधी आला नव्हता. काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. ते माझ्या टेबलावर सोडलं. डबी होती. कँटीनमधलं माझं नाटक त्याच्या कानावर गेलं असणारच. कँटीनमधली गोष्ट कारखान्यात किती लपणार.

"बघ," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलायला गेलो. माझी चूक झाली, असं काहीतरी.

"ते नको. बघ नि सांग. पुढं काय हाय?"

मी डबी डोळ्यांना लावली. तोच हत्ती. "पुढे सोंड," मी म्हटलं. "मग हत्ती. मग माहूत. त्याच्या मागे झाड."

"किती मागं?"

"दहा-बारा पावलं."

"मागच्या टायमाला तेवडंच बोललेलास," तो म्हणाला. "दहा नि बारा म्हंजे दोन पावलांचा फरक. माज्या हुकाला चार बोटांचा चालायचा नाय." त्याने माझ्या हातातून डबी घेतली आणि पुन्हा पंच्यात गुंडाळायला लागला. घडी व्यवस्थित घातली, गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दहापैकी दहा."

"कशाचे?"

"नजरंचे. बावीस वर्सांत येवड्या कंपनीत कुणाला दिसलं नाय. तुला दिसलं."

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो काखेत डबी घेऊन दारापर्यंत गेला. आमच्या विभागाच्या दाराला एक पायरी होती, आणि त्या कोपऱ्यात उजेड कमी. तो तिथे थांबला. त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पुन्हा डावीकडे, आणि मग पाय खाली टाकला.

त्या मानेची नक्कल सगळ्यांत चांगली मी करायचो.